कर्ता नसलेलं वाक्य

समोरच्या घरातली मुलगी आज सकाळी परीक्षेला निघाली तेव्हा तिच्या आईने तिला फाटकाशी थांबवलं आणि कपाळावर दह्याचा टिळा लावला. मुलगी करवादली, "मा, गळतंय," आणि रिक्षात बसता बसता मनगटाने तो पुसायला लागली. आईने खालूनच दम भरला, "पुसशील तर बघ."

आपल्याकडे दही तळहातावर देतात. ते चाटायचं आणि निघायचं. इथे बंगाल्यांकडे ते कपाळावर लावतात. आपलं दही पोटात जातं, यांचं सगळ्या गल्लीला दिसतं. या शहरात माझी पन्नासहून जास्त वर्षं गेली, तरी चैत्र सरता सरता बालीगंजच्या गॅलरीत उभं राहून असे टिळे पाहिले की माझं कपाळ गार पडतं. एकदाच लागला होता मला तो टिळा, आणि ज्या घरात लागला त्या घराच्या मिठाला मी जागले नव्हते.

ईरा, परवा तू फोनवर विचारलंस, "आजी, तू मॉडर्न लिटरेचर शिकलीस ना? मला निबंध लिहायचाय. त्या साहित्यातून टेक्नॉलॉजी आणि सोसायटीबद्दल काय शिकायला मिळतं? मी यंत्राकडून एक ड्राफ्ट करून घेतलाय, पण तुझंही सांग." मग तो मसुदा तू पाठवलास. मी चष्मा बदलून दोनदा वाचला. शुद्ध होता, नेटका होता, कुठेही अडखळत नव्हता. तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं: नव्या तंत्रज्ञानामुळे अनेक कामगार विस्थापित झाले. तिथे माझी पेन्सिल थांबली. समासात मी एकच शब्द लिहिला, "कोणी?"

तुझा फोन आला तेव्हा ते मी तुला सांगितलं. तू म्हणालीस, "आजी, कोणी म्हणजे काय? असंच लिहितात."

असंच लिहितात, हे मला ठाऊक आहे. मीही लिहिलं आहे. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे, सोप्या मराठीत, म्हणजे तुला वाचता येईल आणि तुझ्या भावाला, नीलला, तू वाचून दाखवशील.

सत्तर सालच्या आगेमागे तुमच्या आजोबांची बदली पुण्याहून इथे झाली. ते एका कंपनीत होते. तिची मुख्य कचेरी मुंबईला आणि इथली कचेरी एस्प्लनेडला. नाव सांगत नाही, ती कंपनी आता त्या नावाने उरलेलीही नाही. लग्नाला दोन वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि माझं एम.ए. अर्धवट राहिलं होतं. तुमचे आजोबा म्हणाले, "इथे विद्यापीठ आहे, ट्राम आहे, आणि दिवसभर तू घर आवरण्याशिवाय काही करत नाहीस. पुस्तकांचं कपाट तू या आठवड्यात तीनदा लावलंस. नाव घाल." मी इंग्रजीला नाव घातलं.

बंगाली लिपी मी भिंतींवरून शिकले. त्या काळी इथल्या भिंतींवर इतकं लिहिलेलं असे की वेगळं पुस्तक लागत नसे. अक्षरं आपल्या देवनागरीची चुलत बहीण. एकेक ओळखत, ट्रामच्या खिडकीतून जुळवत जायचं. बालीगंजला ट्रामच्या रस्त्यावर गुलमोहरांची रांग होती (इथे त्याला कृष्णचूडा म्हणतात) आणि त्या झाडांमागच्या लांब भिंतीवर हातभर लांबीच्या लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'छाँटाई चोलबे ना.' छाटणी चालणार नाही! मला भरून आलं. पुण्यात रस्तारुंदीसाठी झाडं तोडताना कोणी हूं की चूं केलं नव्हतं आणि इथले लोक फांदी छाटू देत नाहीत, भिंतभर लिहून ठेवतात!

हे मी वर्गातल्या शुभ्राला कौतुकाने सांगितलं. शुभ्रा माझी इथली पहिली मैत्रीण. ती आधी माझ्याकडे पाहत राहिली, मग बाकावर डोकं ठेवून हसायला लागली. हसता हसता तिला उचकी लागली.

"शुमोती," ती मला असंच म्हणायची, सुमती तिच्या तोंडात कधी बसली नाही, "अगं, छाँटाई म्हणजे माणसांची! नोकरीवरून काढतात ना, ती!"

मराठीत आपण 'कमी केलं' म्हणतो. अमक्याला कामावरून कमी केलं. तेव्हा मी तिला ते सांगितलं तर ती हसायची थांबली आणि म्हणाली, "कमी केलं? माणसाला? कापलं तरी बरं गं. कापलेलं दिसतं तरी."

झाडांचा हा किस्सा तिने घरी सांगितला. मग मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा तिचे बाबा, निर्मलबाबू, दारातच हात आडवे पसरून उभे राहिले. (इथे मुलीसुनांनाही मायेने 'मा' म्हणतात.) "या या, वृक्षप्रेमी सून आली! मा, तुझ्या साहेबांना सांग, हे झाड जुनं आहे, सावली देतं, याची छाटणी नको."

कारण निर्मलबाबू तुमच्या आजोबांच्याच कचेरीत होते. इथल्या कसब्याला, रेल्वे फाटकापलीकडे दोन खोल्यांत राहत. कचेरीत ते कॉम्पटोमीटर चालवत. ते बेरजा करायचं यंत्र. टाइपरायटरपेक्षा रुंद, चाव्यांच्या रांगाच रांगा. निर्मलबाबू त्याच्याकडे न पाहता चालवत. डोळे कागदावर, बोटं चाव्यांवर. घरीसुद्धा कोणी बोलत असलं की ऐकता ऐकता त्यांची उजव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर चालत राहायची. शुभ्राची आई म्हणे, "बघ, तुझ्या बोलण्याचीही बेरीज करताहेत."

त्या घरात मी दोन उन्हाळे अभ्यास केला. त्यांच्याकडे कैरी निखाऱ्यावर भाजून सरबत करत, काळं मीठ आणि भाजलेलं जिरं घालून. मी म्हटलं, आमच्याकडे पन्हं असतं, गूळ-वेलदोड्याचं. निर्मलबाबू म्हणाले, "कैरीत गूळ? मग कैरी कशाला घ्यायची, गूळच प्यावा." दुपारी कधी आकाश एका बाजूने काळं व्हायचं, धूळ उठायची आणि कालबैशाखी यायची, मग आम्ही दोघी नोट्सवर वह्या, वह्यांवर पाट ठेवून खिडक्या लावायला धावायचो. वीज तर वादळाच्या आधीच गेलेली असे.

आम्हांला आधुनिक साहित्य शिकवायला एन.आर. होते. इथे प्राध्यापकांना आद्याक्षरांनीच ओळखतात. सुती पंजाबी, म्हणजे इथला सदरा, कोपरावर शाईचा डाग, आवाज इतका हळू की पंखा बंद पडला तरच नीट ऐकू यावा; आणि पंखा बहुधा बंदच असे. पंखा हेही एक यंत्र आहे, हे आमच्या लक्षात तो थांबल्यावरच यायचं. त्या लेखकांची नावं मी लिहीत नाही, ईरा, तुझ्या यादीत ती असतीलच. गेल्या शतकाच्या सुरुवातीचे, पहिलं महायुद्ध पाहिलेले लोक. आम्ही वर्गात त्यांच्या पुस्तकांतले कारखाने, टेलिफोन, मोटारी, बंदुका मोजत होतो. एन.आर. म्हणाले, "गिरणीची चिमणी कशाला शोधता? ती रेल्वेतूनही दिसते. वाक्यं पाहा. माणसं पूल ओलांडून कामाला जातात असं हे लिहीत नाहीत, माणसं वाहून नेली जातात असं लिहितात. यंत्र आलं की पहिल्यांदा वाक्यातला कर्ता नाहीसा होतो. कामं होतात, करणारा सापडत नाही. तुम्हांला या विषयातून एकच सवय लागली तरी मला पुरे: प्रत्येक वाक्याला विचारा, हे कोणी केलं?"

मी ते वहीत उतरवलं आणि खाली लाल शाईने रेघ मारली. मला लगेच शाळेतलं मराठी व्याकरण आठवलं. कर्तरी, कर्मणी, भावे. भावे प्रयोगात क्रियापद कर्त्याचंही ऐकत नाही आणि कर्माचंही. ते आपलं एकटं, नपुंसकलिंगी उभं असतं. आणि आपली सरकारी मराठी! करण्यात येत आहे. पाठवण्यात आले आहे. त्या 'करण्यात'मध्ये सगळ्यांचे हात बुडून जातात. मी हे घरी तुमच्या आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या एन.आर.ना आमच्या कचेरीत आणा. तिथे कर्ता एकच, मुंबई."

त्या हिवाळ्यात आमच्या ग्रंथालयातले एक वृद्ध गृहस्थ निवृत्त झाले. ते पुस्तकांची कार्डं लिहायचे. आम्ही वर्गाने शाल आणि मानपत्र दिलं. मजकूर माझा, अक्षर शुभ्राचं. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं. त्यात मी एक शब्दयोजना केली होती, इंग्रजीत. मराठीत साधारण 'दीर्घ सहवासाच्या कृतज्ञतेसह' अशी होईल. शुभ्राने ती दोन मसुद्यांत आणि एका पक्क्या कागदावर, अशी तीनदा लिहिली. ते गृहस्थ ऐकताना रडले. मला फार बरं वाटलं.

कचेरीत तेव्हा नवं यंत्र यायचं होतं. कार्डांना भोकं पाडून हिशेब करणारं, खोलीभर मोठं. त्याचे लाकडी खोके गोदीतून येऊन कचेरीच्या मागच्या आवारात ताडपत्रीखाली पडले होते, कारण कामगार फाटकात बसून ते आत जाऊ देत नव्हते. तुमच्या आजोबांचा त्या यंत्रावर विश्वास होता. ते वाईट माणूस नव्हते, हे मी तुम्हांला आधीच सांगते. "अगं, मशीन कोणाला काढत नाही," ते म्हणायचे. "मशीन फक्त बेरीज करतं."

निर्मलबाबूंना मी एकदा विचारलं होतं, "काका, तुम्हांला त्या यंत्राचा राग येतो?"

त्यांची बोटं टेबलावर थांबली. "मा, मी लागलो तेव्हा कचेरीत बारा खातेबाबू होते. बोरूने लिहायचे, तोंडी बेरजा करायचे. मी कॉम्पटोमीटर शिकून आलो. वर्षभरात सात जण उरले. हरिपदबाबू म्हणून होते, त्यांच्याच टेबलावर माझं यंत्र ठेवलं. त्यांनी स्वतः पुसून दिलं टेबल. मी म्हणालो, नमस्कार. ते कुठे गेले, मी विचारलं नाही. आता मी कुठल्या तोंडाने रागावू?" मग हसून म्हणाले, "पण माझी दोनच वर्षं राहिलीत. तेवढ्यात हिचं एम.ए. होईल, ही कॉलेजात लागेल. मग आणा तुमचं मशीन, मी स्वतः टेबल पुसून देतो."

दोन वर्षं. त्या घराचा सगळा डोलारा त्या दोन वर्षांवर उभा होता आणि ते मला माहीत होतं.

मार्चमधला रविवार होता. सकाळी अकराचा सुमार. मी परीक्षेसाठी नोट्स विषयवार लावत होते, प्रत्येक विषयाला वेगळ्या रंगाची नाडी. तुमचे आजोबा एक कागद घेऊन आले. "सुमती, जरा इंग्रजी बघतेस? उद्या मुंबईला पाठवायचंय, मंजूर झालं की इथून द्यायचं."

त्यांनी लिहिलं होतं, मराठीत सांगते: 'नवीन यंत्र आल्यामुळे आता आम्हांला तुमची गरज नाही. मी तुम्हांला कळवतो की पुढच्या महिनाअखेरीपासून तुमची नोकरी संपली.'

मी म्हटलं, "अहो, असं लिहितात का माणसांना? गरज नाही म्हणे! घरच्या मोलकरणीलाही असं सांगत नाहीत."

"मग कसं लिहू?"

"आणा इकडे."

मी पेन्सिल घेतली. मला वाटलं मी दया करते आहे. आधी 'मी' खोडला. वाक्याची सुरुवात 'मी'ने करू नये, असं शाळेतल्या बाईंनी बजावलेलं होतं. मग 'आम्हांला' खोडलं. 'गरज नाही' खोडलं. 'तुम्ही' कठोर वाटला म्हणून त्याच्या जागी 'सेवा' आली. तुम्ही नको असं नाही, सेवा नको. शेवटी वाक्य कोरडं वाटायला लागलं, तेव्हा हिवाळ्यातली ती शब्दयोजना आठवली. चांगला शब्द एकदा वापरून टाकून देणं माझ्या टापटिपीच्या स्वभावात नव्हतं. मी उरलेल्या लोकरीचेसुद्धा मोजे विणते. तयार वाक्य असं होतं: 'कामकाजाच्या नव्या रचनेत ज्या सेवांची आवश्यकता उरलेली नाही, त्या सेवांतून, दीर्घ सहवासाच्या कृतज्ञतेसह, मुक्तता करण्यात येत आहे.'

"वा!" तुमचे आजोबा म्हणाले. "वाचणाऱ्याला वाटेल बढतीच मिळाली."

मी हसले. मग विचारलं, "कोणाला जायचंय हे?"

"यादी वेगळी आहे. ती वरून येणार."

त्या यादीत कोण असेल, हे मी विचारलं नाही. नोट्सच्या नाड्या बांधायच्या राहिल्या होत्या. मसुदा माझा, यादी त्यांची, अशी मी मनात दोन खणांत विभागणी केली आणि खण बंद केले. माझ्या डोळ्यांसमोर तीच वही उघडी होती, जिच्यात लाल रेघ मारून लिहिलं होतं, हे कोणी केलं?

आठवड्याने तुमचे आजोबा खुशीत घरी आले. मुंबईला मसुदा इतका आवडला की बाकीच्या शाखांनाही तोच धाडायचं ठरलं. माझं वाक्य सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर चढलं. वर नावासाठी मोकळी जागा आणि खाली मी. म्हणजे मी नाहीच. खाली फक्त कंपनीचा शिक्का.

चैत्राच्या अखेरीस मी कसब्याला गेले तेव्हा घरात सरबत नव्हतं. शुभ्रा आत कपडे वाळत घालत होती, आली नाही. निर्मलबाबू टेबलाशी बसले होते. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा खरंच उजळला.

"आलीस? बस. तुझीच वाट पाहत होतो. तू इंग्रजीची. हे मला समजावून सांग."

कागदावर त्यांचं नाव मोकळ्या जागेत टाइप केलेलं होतं, किंचित तिरकं. रेघेच्या खाली घसरलेलं.

"इंग्रजी काय सुंदर आहे बघ! मी तीसेक वर्षं कचेरीचं इंग्रजी वाचतोय, असं कधी आलं नाही. दीर्घ सहवासाच्या कृतज्ञतेसह. वा!" त्यांनी बोटाने प्रत्येक शब्द दाखवला. "पण मा, मला एक कळत नाही. मला ठेवलंय की काढलंय?"

मी म्हटलं, "काढलंय, काका."

"हां. शुभ्राही तेच म्हणाली. पण मग हे काढलं कोणी? मी सकाळपासून शोधतोय. साहेब म्हणतात मुंबई, मुंबई म्हणेल मशीन, मशीन तर अजून खोक्यात आहे. या वाक्यात माणूस कुठे आहे?"

माझ्या विषयातला तो सर्वांत अचूक प्रश्न होता. त्याचं उत्तर त्या खोलीत समोरच्या खुर्चीवर बसलं होतं. मी पदर सारखा केला आणि व्याकरण सांगितलं. म्हटलं, "काका, इंग्रजीत अशी रचना असते. त्यात कर्ता लिहावा लागत नाही."

"असं?" ते म्हणाले. "बरी सोय आहे."

त्यांची बोटं टेबलावर होती. मी पाहिलं, ती हलत नव्हती.

घरी येऊन मी तुमच्या आजोबांना म्हटलं, "निर्मलबाबूंना पत्र मिळालं." ते बूट काढत होते. म्हणाले, "मला परवा यादी आली तेव्हा कळलं. माझ्या हातात काही नव्हतं गं." मी म्हटलं, "त्यांना इंग्रजी आवडलं."  बूट त्यांनी जागेवर ठेवले नाहीत, आणि मीही उचलले नाहीत. आमच्या संसारात त्या विषयावर एवढंच बोलणं झालं. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

परीक्षा दोनदा पुढे गेली होती. शहरात रोज काही ना काही पेटलेलं असायचं. शेवटी वैशाखात एकदाची सुरू झाली. पहिल्या पेपराच्या दिवशी कसब्याहून निरोप आला, आधी इकडे ये, मग दोघी मिळून जा. मी गेले. शुभ्राच्या आईने पितळी वाटीत दही ठेवलं होतं. तिने आधी शुभ्राच्या कपाळावर टिळा लावला, मग माझ्या. बोट गार होतं. म्हणाली, "तुझी आई दूर आहे. आज मीच." निर्मलबाबू मागे उभे होते, धोतर-पंजाबी घालून, जणू कचेरीला निघालेत. ते म्हणाले, "दोघी फर्स्ट क्लास आणा. एकीने इंग्रजी असं लिहावं की माझ्या पत्राला मागे टाकेल."

शुभ्रा खाली वाकून चपलेचा बंद लावत होती. तिने वर पाहिलं नाही.

तिसरा पेपर आधुनिक साहित्याचा. प्रश्न आला: यंत्र आणि माणूस यांच्या संबंधाचं चित्रण. ईरा, तुझाच निबंध जवळजवळ. मी पंचेचाळीस मिनिटं थांबले नाही. वाक्यातून नाहीसा होणारा कर्ता, वाहून नेली जाणारी माणसं, कोणीच न दिलेले आदेश. घाम कोपरावरून उत्तरपत्रिकेवर गळत होता आणि हात धावत होता. मला सगळं कळलेलं होतं. एका जागी तर मी लिहिलं की सभ्य भाषा हे या काळातलं सर्वांत शांत यंत्र आहे. ते लिहून मी मान वर केली, आणि माझ्या मनात जे आलं ते अभिमानाचं होतं. लाज मागाहून आली, आणि तिने यायला बराच उशीर केला.

बाहेर पडल्यावर ट्रामच्या थांब्यावर शुभ्रा म्हणाली, "मी सोमवारपासून येणार नाही."

"म्हणजे? पाच पेपर राहिलेत!"

"बारासात गावच्या शाळेत जागा आहे. बदली शिक्षिकेची. सोमवारी हजर झाले नाही तर दुसरीला देतील. पुढच्या वर्षी बसेन."

पुढच्या वर्षी ती बसली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ती शाळा तिने मग सोडलीच नाही.

ट्राम येत नव्हती. कुठेतरी तारेतली वीज गेली असणार. रुळावर दूरवर ट्रामांची रांग उभी दिसत होती, माणसं खाली उतरून चालायला लागली होती.

"तू त्या प्रश्नाला काय लिहिलंस?" शुभ्राने विचारलं.

मी ट्रामांच्या रांगेकडे पाहिलं.

"चांगलंच लिहिलं असशील." मग तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "शुमोती, ती ओळ मी तीनदा लिहिली होती. माझ्या हाताने. पत्र उघडलं त्याच दिवशी मला कळलं."

रस्त्यावरचे आवाज तसेच चालू होते. मी काहीतरी म्हणाले. मला वाटतं मी म्हणाले, "मला नावं माहीत नव्हती."

"विचारलं होतंस?"

"नाही."

ती मान हलवून म्हणाली, "तेच."

"काकांना सांगितलंस?"

"बाबांना?" ती हसली, पण झाडांच्या वेळचं ते हसू नव्हतं. "बाबांनी ते पत्र सगळ्या गल्लीला वाचून दाखवलंय. घडीवर घडी पडून मधून फाटत आलंय. म्हणतात, बघा, मला कसल्या इंग्रजीत निरोप दिला! त्यांच्याजवळ आता तेवढंच आहे. ते मी कशी काढून घेऊ?"

मग ती चालायला लागली. मी दोन पावलं तिच्यामागे गेले आणि थांबले. तिच्या कपाळावरचं त्या सकाळचं दही केव्हाच वाळून गेलं होतं.

ते यंत्र पुढच्या वर्षी बसलं. त्याला थंड खोली लागे आणि अखंड वीज लागे. आमच्या शहरात दोन्ही नव्हतं. ते काही तास चालायचं आणि बंद पडायचं, मग उरलेले बाबू पुन्हा हाताने बेरजा करायचे. कॉम्पटोमीटरं भंगारात गेली होती. निर्मलबाबू एकदा मला गडियाहाटच्या बाजारात दिसले, भाजीवाल्यासमोर उभे. मी वळून दुसऱ्या गल्लीत शिरले.

आधुनिक साहित्याच्या त्या पेपरात मला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. एन.आर. यांनी घरी बोलावून कौतुक केलं. "तुला विषय समजला आहे," ते म्हणाले.

तर ईरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हे साहित्य सगळं शिकवतं. यंत्र काय करतं, माणूस कसा पुसला जातो, भाषा त्यात कशी हात धुऊन घेते, सगळं. आणि शिकलेल्या माणसाला ते सगळं वापरताही येतं, दुसऱ्या बाजूने. याबद्दल त्या पुस्तकांत फारसं नव्हतं, किंवा मी ती पानं नाडीने बांधून ठेवली. आता तुझ्या त्या लिहिणाऱ्या यंत्राने जगातलं सगळं वाचलंय म्हणतेस. मग त्यात कुठल्या तरी जुन्या फायलीतलं, सायक्लोस्टाइलवर छापलेलं माझंही वाक्य असेल. असंच लिहितात, हे त्याला माझ्यासारख्यांनीच शिकवलं. त्याला कशाला बोल लावायचा?

तुझा मसुदा मी परत पाठवते आहे. त्या 'कोणी?'चं उत्तर तुझ्या निबंधापुरतं तू शोध. माझ्यापुरतं मी इथे लिहून ठेवते, शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं तरीही. मी निर्मलबाबूंना काढलं. यादी दुसऱ्याची होती, पण वाक्य मी लिहिलं, आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी समोर बसून व्याकरण सांगितलं.

समोरची मुलगी आत्ता परत आली. रिक्षातून उतरली, पेपर कसा गेला विचारणाऱ्या आईला काही न सांगता आत गेली. टिळा पुसलेला दिसतो.